जर-तरची इंग्रजी वाक्यं : इफ, वुड, हॅड हे पोरांना कसं शिकवायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी गेवराई तालुक्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. सध्या वर्गात कंडिशनल सेंटेन्सेस चालू आहेत, म्हणजे आपली जर-तरची वाक्यं. पोरं प्रकार धडाधडा म्हणून दाखवतात, इफ प्लस सिंपल प्रेझेंट पुढं विल, इफ प्लस सिंपल पास्ट पुढं वुड, इफ प्लस हॅड प्लस व्ही थ्री (क्रियापदाचं तिसरं रूप, गो-वेंट-गॉन मधलं गॉन) पुढं वुड हॅव, सगळं पाठ. पण फळा पुसला आणि विचारलं, बाळा औंदा पाऊस झाला नसता तर तुमच्या घरी काय झालं असतं ते इंग्रजीत सांग, की वर्ग गप्प. नाहीतर मग 'इफ द रेन वुड नॉट हॅव कम' असं काहीतरी येतं.

माझं मत असं की ही पोरांची हयगय नाही. मराठीत आपण दोन्हीकडं 'असतं' लावतो, 'पाऊस झाला असता तर पेरणी झाली असती', मग पोरगं इंग्रजीतही दोन्हीकडं वुड हॅव लावतं. त्यानं प्रामाणिकपणे भाषांतर केलेलं असतं. इंग्रजीत मात्र इफच्या बाजूला हॅड लागतं आणि वुड हॅव फक्त दुसऱ्या बाजूला. हे नियम म्हणून सांगून झालं, पण तोंडात बसत नाही. तर सुरुवात कुठून करावी? प्रकारांचे नंबर आधी सांगावेत का नाही? शिकवणारे, शिकणारे, नोकरीत इंग्रजी बोलणारे, सगळ्यांनीच लिहा.

वर्षा_परभणी
नंबर सांगूच नका सर. फर्स्ट, सेकंड, थर्ड म्हटलं की पोरगं वाक्याचा अर्थ सोडून नंबर शोधत बसतं.

मांजराकाठचा
वर्षाताई, मला नाही पटलं. मी लातूरला क्लास घेतो. आमच्याकडं येणाऱ्या पोराला परीक्षेत मार्क पाहिजेत, तिथं वाक्य देतात आणि इफ किंवा अनलेस वापरून पुन्हा लिहा म्हणतात. ज्याला साचा माहीत त्याचे मार्क पक्के. साचा आधी, अर्थ सरावानं येतो. इतक्या पोरांना असंच शिकवलंय आणि त्यांची वाक्यं बरोबर येतात.

वर्षा_परभणी
पेपरात येतात हो. सरांचा प्रश्न तोंडात का बसत नाही हा आहे.

तेरणाकाठ
गोदाकाठ सर, तुम्ही सांगितलेलं कारण खरं आहे पण त्याच्या आधी एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण साध्या, उद्या घडू शकणाऱ्या गोष्टीलासुद्धा मराठीत भूतकाळाचं रूप वापरतो. 'उद्या पाऊस आला तर मी येणार नाही.' उद्याची गोष्ट आणि क्रियापद 'आला'! आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही कारण लहानपणापासून तसंच बोलतो. पण इंग्रजीत तिथं 'इफ इट रेन्स टुमॉरो, आय वोन्ट कम' म्हणावं लागतं, वर्तमानकाळ. पोरगं 'आला' ऐकतं आणि 'केम' लिहितं. आणि जे पोरगं थोडं विचार करतं ते म्हणतं उद्याचं आहे ना, मग 'इफ इट विल रेन'. दोन्ही चूक, आणि दोन्हीमागं त्याची कारणं आहेत.

म्हणून मी सुरुवात इथूनच करते. फळ्यावर फक्त मराठी वाक्यं लिहायची, 'बस चुकली तर', 'लाईट गेली तर', 'सर रागावले तर', आणि पोरांनाच विचारायचं की हे घडून गेलंय का घडायचंय. घडायचंय म्हणतात. मग क्रियापद कुठल्या काळाचं दिसतंय? भूतकाळाचं! हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं की पुढचं सोपं जातं, कारण आता त्यांना कळतं की क्रियापदाचं रूप बघून काळ ठरवायचा नाही, गोष्ट बघून ठरवायचा.

बालाघाट_बीड
व्वा तेरणाताई. इतकी वर्षं मराठी बोलतोय पण 'उद्या आला तर' मधल्या 'आला'कडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

हदगावकर
आपल्याकडं एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं 😄 सर, पोरांना हेच द्या इंग्रजीत करायला, आख्खा वर्ग हात वर करतो का नाही बघा.

मांजराकाठचा
इफ आँटी हॅड हॅड अ मुस्टॅश, वुई वुड हॅव कॉल्ड हर अंकल.

तेरणाकाठ
हदगावकर दादा, हसण्यावारी घेऊ नका, उदाहरण एकदम नामी दिलंत! आणि मांजराकाठ सर, इथंच तर खरी गंमत आहे. आत्याबाईला मिशा आधी नव्हत्या आणि आत्ताही नाहीत. गोष्ट आजची आहे. म्हणून 'इफ आँटी हॅड अ मुस्टॅश, वुई वुड कॉल हर अंकल'. एकच हॅड, आणि पुढं नुसतं वुड कॉल. तुम्ही लिहिलेलं वाक्य व्याकरणानं चूक नाही पण त्याचा अर्थ असा होतो की तेव्हा, त्या वेळी मिशा असत्या तर तेव्हा काका म्हटलं असतं.

मराठीत दोन्हीला एकच वाक्य चालतं, 'असत्या तर म्हटलं असतं'. आपण आज आणि तेव्हा यातला फरक क्रियापदात दाखवत नाही. 'माझ्याकडं गाडी असती तर मी आलो असतो' हे आत्ता फोनवर बोलताना पण म्हणतो आणि मागच्या लग्नाबद्दल बोलताना पण म्हणतो. इंग्रजीत आत्ताचं असेल तर 'इफ आय हॅड अ बाईक, आय वुड कम', मागच्या लग्नाचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ बाईक, आय वुड हॅव कम'. साचा पाठ असला तरी पोरगं इथं चुकतं, कारण कुठला साचा घ्यायचा ते मराठी वाक्य त्याला सांगत नाही.

मांजराकाठचा
हे मान्य. मराठी वाक्य देऊन भाषांतर करायला लावलं तर वाक्यात 'आत्ता' नाहीतर 'तेव्हा' घातलं पाहिजे, नाहीतर प्रश्नच अर्धवट राहतो. उद्यापासून माझ्या क्लासच्या सरावपत्रिकेत घालतो.

सोयाबीन_औसा
हॅड हॅड वरून आमच्या वर्गातलं पोरगं उठून म्हणालं होतं, सर पुस्तकात एक शब्द दोनदा छापलाय 😀 मग सरांनी समजावलं होतं की पहिला हॅड काळ सांगतो आणि दुसरा हॅड म्हणजे 'जवळ होतं'. मला ते तेव्हा जे कळलं ते आजतागायत लक्षात आहे.

पुण्यात_लातूरकर
मी मूळचा निलंग्याचा, पुण्यात परदेशी ग्राहकांच्या फोनवर काम करतो. व्याकरण मला शाळेत येत होतं पण कानाला ऐकू येत नव्हतं, कारण तिकडचे लोक हॅड आणि वुड दोन्ही खाऊन टाकतात, दोन्हीचं नुसतं 'ड' होतं. 'इफ आयड नोन, आयड हॅव कॉल्ड यू.' पहिला आयड म्हणजे आय हॅड आणि दुसरा आयड म्हणजे आय वुड. कसं ओळखायचं? पुढचा शब्द बघायचा. पुढं व्ही थ्री आला, नोन, गॉन, सीन, तर हॅड. पुढं साधं क्रियापद किंवा हॅव आलं तर वुड. हे एकदा कळल्यावर मला फोनवरचं बोलणं सुटंसुटं ऐकू यायला लागलं. शाळेत हे ऐकवून शिकवलं पाहिजे, मोबाईलवर दोन वाक्यं लावा सर, फळ्यावर हे कळत नाही.

आणि अजून एक. काही अमेरिकन ग्राहक बोलताना चक्क 'इफ आय वुड हॅव नोन' म्हणतात, म्हणजे आपल्या पोरांचीच चूक! पण ते बोलण्यात. लिहिताना, परीक्षेत, मुलाखतीत ते चूकच धरतात, म्हणून आपण हॅडच वापरायचं.

गोदाकाठ
लातूरकर भाऊ, ही आयडची गोष्ट सोन्यासारखी आहे. पुस्तकात 'शॉर्ट फॉर्म' म्हणून एका ओळीत उरकलेलं असतं. सोमवारी ऐकवतोच.

वर्षा_परभणी
मग सर ते 'विल' इफच्या बाजूला कधीच येत नाही का? आमच्या ऑफिसात साहेबांच्या ईमेलमध्ये 'इफ यू विल काइंडली' असं बघितलंय.

पुण्यात_लातूरकर
येतं, पण तिथं विल म्हणजे भविष्यकाळ नाही, 'तुमची तयारी असेल तर', 'कृपा करून' असा अर्थ आहे. 'इफ यू वुड होल्ड फॉर अ मोमेंट' आम्ही दिवसभर म्हणतो. पोरांना हे दहावीनंतर सांगा, आधी सांगितलं तर घोळ होईल.

हिमरू
माझं एक निरीक्षण लिहितो. आपण मराठीत 'जर' बऱ्याचदा गाळतो पण 'तर' गाळत नाही. 'पाऊस आला तर बघू.' जर कुठंय? नाही. इंग्रजीत नेमकं उलटं, इफ लागतोच आणि 'देन' बहुतेक वेळा लागतच नाही. आपली पोरं प्रत्येक वाक्यात 'देन' घालतात, 'इफ यू कम, देन आय विल गिव्ह', ते चूक नाही पण सारखं सारखं ऐकायला जड वाटतं. आणि स्वल्पविराम, इफचा भाग आधी आला तर मधे स्वल्पविराम, नंतर आला तर नाही. मराठीत तरचा भाग सहसा नंतरच येतो म्हणून आपल्याला 'आय विल कम इफ यू कॉल' ही रचना सुचतच नाही, पोरं कायम इफनंच सुरुवात करतात.

बालाघाट_बीड
सुचते की, 'येईन मी, बोलावलंस तर.' बोलताना आपण असं सर्रास म्हणतो. लिहिताना म्हणत नाही एवढंच.

हिमरू
खरंय. मग तेच पोरांना दाखवायचं, तुमच्या तोंडात आहे म्हणून.

सोयाबीन_औसा
झिरो कंडिशनलबद्दल, म्हणजे नेहमीच घडणाऱ्या गोष्टीच्या वाक्याबद्दल, कुणीच बोलेना. पाणी तापवलं तर उकळतं, हे मराठीत आपण 'तर' लावून म्हणत नाही, 'पाणी तापलं की उकळतं' म्हणतो. 'जायकवाडी भरलं की पाणी सोडतात.' हे 'की'वालं वाक्य दिसलं की दोन्हीकडं साधा वर्तमानकाळ. 'इफ द डॅम फिल्स अप, दे रिलीज वॉटर.' मी माझ्या पुतणीला असंच शिकवलं, तिला लगेच जमलं.

तेरणाकाठ
दादा, चांगली युक्ती आहे, फक्त एक सांभाळा. 'बाबा आले की सांगते' इथंही 'की' आहे, पण बाबा येणार हे नक्की आहे, म्हणून इंग्रजीत तिथं इफ नाही, व्हेन. 'आय विल टेल यू व्हेन फादर कम्स.' इफ म्हटलं तर बाबा येतील का नाही अशी शंका होते. नेहमी घडणाऱ्या गोष्टीत मात्र, उकळणारं पाणी वगैरे, इफ आणि व्हेन दोन्ही चालतात, अर्थात फारसा फरक पडत नाही. म्हणजे 'नेहमी होतं का, का एकदा होणार आहे' हे विचारायचं.

उमरगेकर_काका
मी निवृत्त शिक्षक. आमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, ते घरात 'अगर' म्हणायचे, आम्ही मराठीतून शिकलो आणि नातवंडं इंग्रजीतून शिकायलीत. एका घरात तीन जर झाले! उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते उर्दू माध्यमाचंच, म्हणून इकडच्या जुन्या लोकांचं शिक्षण तसं होतं.

मुद्द्यावर येतो. गोदाकाठ सर, पोरांना त्यांच्या मुलखातली वाक्यं द्या. पुस्तकातला जॉन ट्रेन चुकवतो, त्याचं पोराला काय? १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन असतंच, त्या दिवशी वाक्य द्या, १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं नसतं तर आज आपण कुठं असतो. इथं गंमत बघा, अट १९४८ ची आणि परिणाम आजचा. म्हणून 'इफ हैदराबाद हॅड नॉट जॉइन्ड इंडिया इन १९४८, वुई वुड बी इन अनदर कंट्री टुडे'. पुढं वुड हॅव बीन नाही, वुड बी. याला मिक्स्ड म्हणतात, पण नाव न सांगताही पोरांना कळतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. आज दहावीत असलेली पोरं तेव्हा अगदी लहान होती पण घराघरात ती आठवण आहे. 'इफ द वॉटर ट्रेन हॅड नॉट कम', पुढचं पोरं स्वतः सांगतील.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरणही आम्ही वर्गात घ्यायचो, पण जपून. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची वेळ, गणपती विसर्जन होऊन लोक झोपलेले आणि घरं दगडमातीची. दिवसा झाला असता तर माणसं रानात असती. 'इफ द अर्थक्वेक हॅड कम इन द डेटाइम, मेनी पीपल वुड हॅव बीन इन द फील्ड्स.' ज्या पोराच्या घरातलं माणूस गेलेलं असायचं त्याला मी हे वाक्य कधी विचारलं नाही. पण एका मुलीनं आपणहून वहीत लिहून आणलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

हदगावकर
काका 🙏

बालाघाट_बीड
काका, वाक्य कळायला त्यातली गोष्ट कळावी लागते हे तुमच्या लिहिण्यातून कळलं. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं वर्गात असतात, सहा महिने इथं नि सहा महिने फडावर. त्यांना 'इफ माय पेरेंट्स स्टेड हिअर ऑल इयर' असं वाक्य पूर्ण करायला सांगितलं तर ते जे लिहितील ते कुठल्या पुस्तकात नसणार.

तेरणाकाठ
हो, आणि ते वाक्य सेकंड कंडिशनलचं उत्तम उदाहरण आहे. आत्ता तसं नाही, पण असतं तर. स्टेड हे रूप भूतकाळाचं, गोष्ट आजची.

गंगाखेडची_पोर
मी बारावीला आहे. सगळं वाचलं, खूप कळलं, पण अनलेसचं कुणी सांगितलं नाही आणि तेच परीक्षेत येतं. मला 'अनलेस यू डोन्ट स्टडी' लिहिलं की सर कापतात, का कापतात ते कळत नाही.

मांजराकाठचा
अनलेसच्या पोटात 'नाही' आधीच आहे ताई. अनलेस म्हणजे 'इफ नॉट'. म्हणून 'इफ यू डू नॉट स्टडी, यू विल फेल' याचं 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल' होतं, डू नॉट निघून जातं. तुला डोन्ट लिहावंसं वाटतं ते मराठीतल्या 'जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत' मुळं, त्यात 'नाही' आहे. त्याऐवजी मनात 'केल्याशिवाय' म्हण. 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस', 'यू वोन्ट पास अनलेस यू स्टडी'. आता पुन्हा चुकणार नाहीस.

गंगाखेडची_पोर
केल्याशिवाय!! थँक्यू सर, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्षा_परभणी
मांजराकाठ सर, बघा, तुम्ही आत्ता साचा न सांगता अर्थ सांगितलात आणि पोरीला कळलं 🙂

मांजराकाठचा
ताई, दोन्ही सांगितलं. इफ नॉट बरोबर अनलेस हा साचाच आहे. पण हो, 'केल्याशिवाय'नं जे काम केलं ते साच्यानं झालं नसतं.

हिमरू
सरकारी मराठीतलं एक सांगायचं राहिलं. 'नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवावे' असं पीक विम्याच्या सूचनेत असायचं, 'गरज भासल्यास संपर्क साधावा' असं प्रत्येक पत्राच्या शेवटी असतं. हे 'झाल्यास, भासल्यास' इंग्रजी पत्रात 'शुड यू नीड एनी हेल्प, प्लीज कॉन्टॅक्ट' असं येतं, इफ गाळून शुड पुढं आणलेला. तसंच 'हॅड आय नोन' म्हणजे 'इफ आय हॅड नोन'. स्पर्धा परीक्षेला हे उलटं केलेलं वाक्य विचारतात आणि पोरं त्याला प्रश्नार्थक समजतात. इफ गेला म्हणून क्रियापद पुढं आलं, एवढं सांगितलं की पुरे.

सोयाबीन_औसा
'इफ आय वेअर यू' मध्ये आय बरोबर वेअर कसं काय? आय वॉज पाहिजे ना?

तेरणाकाठ
मी तू होऊच शकत नाही, म्हणजे गोष्ट खरी नाही, हे दाखवायला वेअर. आय, ही, शी सगळ्यांना वेअरच. बोलताना खुद्द इंग्रज लोकही 'इफ आय वॉज' म्हणतात आणि ते चालतं, पण परीक्षेत आणि अर्जात वेअर लिहा. 'इफ आय वेअर यू' म्हणजे आपलं 'मी तुझ्या जागी असते तर', सल्ला द्यायला रोज उपयोगी पडतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस शाळा सुटली की हेच वाचतोय. माझं आता असं ठरतंय. प्रकारांचे नंबर शेवटच्या दिवशी, परीक्षेपुरते. त्याआधी प्रत्येक वाक्याला पोरांनी दोनच प्रश्न विचारायचे, हे अजून घडू शकतं का, आणि गोष्ट कधीची आहे, आत्ताची का मागची. घडू शकत असेल तर इफकडं साधा वर्तमानकाळ नि पुढं विल. आत्ता तसं नसेल, नुसती कल्पना असेल तर सिंपल पास्ट नि वुड. मागं होऊन गेलं असेल तर हॅड नि वुड हॅव. आणि मागची अट, आजचा परिणाम असेल तर काकांचं १९४८ चं वाक्य. मांजराकाठ सर, तुमची सरावपत्रिका झाली की मलाही पाठवा.

मांजराकाठचा
पाठवतो. फक्त एक, 'समजा' लावून बघा ही खूण मी पोरांना द्यायचो, 'समजा लॉटरी लागली तर' म्हणजे सेकंड. पण 'समजा बस चुकली तर पुढच्या बसनं ये' हे फर्स्ट आहे, बस रोजच चुकू शकते. त्यापेक्षा तुमचे दोन प्रश्न बरे.

गंगाखेडची_पोर
सर मी करून बघितलं. तपासा ना.
इफ इट रेन्स टुनाइट, लाईट विल गो.
इफ वुई हॅड अ लायब्ररी इन अवर व्हिलेज, आय वुड गो देअर एव्हरी डे.
इफ माय सिस्टर हॅड नॉट मॅरीड सो अर्ली, शी वुड हॅव बिकम अ नर्स.

तेरणाकाठ
तिन्हीची रचना बरोबर आहे बाळा. पहिल्यात 'लाईट विल गो' ऐवजी 'द पॉवर विल गो ऑफ' लिही, लाईट जाणे हे आपलं मराठी आहे. दुसऱ्यात काही बदलायचं नाही. तिसरं वाक्य, बहीण अजूनही नर्स नाही आणि हे तुला आजचं म्हणून सांगायचं असेल तर 'शी वुड बी अ नर्स नाऊ' असं कर. आणि तिचं वय बसत असेल तर नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती मला व्यक्तिगत निरोपात विचार, मी त्याच क्षेत्रात आहे.